मोकळा गळा

एखादी गायिका ‘अष्टपैलू’ आहे असं म्हटलं की आपलं कौतुक तिथेच थांबतं. लावणी गाते, भजन गाते, सिनेमातलंही गाते. ही झाली यादी. मला ऐकावंसं वाटतं ते वेगळंच: इतके प्रकार गाताना त्या आवाजात कायम काय राहतं? वैशाली माडे यांचं गाणं लागलं की माझा कान तेच शोधू लागतो.

वैशालीताई अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावच्या, म्हणजे आम्हा अकोलेकरांच्या शेजारच्याच. मराठी ‘सारेगमप’ जिंकल्यावर २००९ साली वैशाली भैसने या नावाने त्यांनी हिंदीतलं ‘सारेगमप चॅलेंज’ही जिंकलं. पुढची दोन गाणी तर घराघरांत पोचली: ‘बाजीराव मस्तानी’तलं (२०१५) ‘पिंगा’ आणि ‘कलंक’मधलं (२०१९) ‘घर मोरे परदेसिया’. दोन्हींत सोबत श्रेया घोषाल. इतक्या तलम आवाजाशेजारी गायचं म्हटलं की कुणालाही आपला आवाज तसाच करून घ्यायचा मोह व्हावा. वैशालीताई त्या वाटेला गेल्या नाहीत.

‘पिंगा’ नीट ऐका. शब्दाचं पहिलं अक्षर ठसक्यात पडतं, स्वर छातीतून येतो आणि ओळ संपेपर्यंत त्यातला जोर ओसरत नाही. ‘घर मोरे परदेसिया’त त्यांचा आवाज माधुरी दीक्षितांच्या बहार बेगमला आहे. ती शिकवणारी, बरंच सोसलेली बाई. तिला हा ठसका शोभला नसता. गाणं कथकच्या अंगाचं. इथे वैशालीताई स्वर राखून लावतात, जोर पोटात ठेवतात आणि ओळीचा शेवट अलगद सोडतात. ‘आ’कार मात्र दोन्हीकडे तेवढाच मोकळा. एका गाण्यात आवाज सोडलाय, दुसऱ्यात आवरलाय, गळा तोच. चतुरस्र गाणं म्हणतात ते मला यातच दिसतं. दर गाण्याला नवा आवाज काढणं ही नक्कल झाली, आणि ती फार काळ पुरत नाही.

हा मोकळेपणा आमच्या मुलखाचा आहे, असं मी ठामपणे म्हणतो. वऱ्हाडातलं गाणं मुळात उघड्यावरचं. यावलीला १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजनं गायले. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे लोकांना वऱ्हाडीत सवाल टाकायचे आणि जबाब त्यांच्याच तोंडून काढायचा. भीमजयंतीच्या मंडपात भीमगीतं रंगतात, तीही खड्या आवाजात. शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे, ही इथली पहिली अट. पुटपुटून भागत नाही.

पण याहून जवळची शाळा भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जातात. पाटावर भुलाबाई-भुलोजी मांडलेले, हातात टिपऱ्या. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची आणि शेवटी डब्यात वाजणारी खिरापत ओळखायची. या गाण्यांच्या चाली चार-पाच स्वरांत फिरतात. त्याच चालीत सासूची तक्रार येते, नणंदेची थट्टा येते, माहेरची आठवणही येते. चाल बदलायची सोय नसते, म्हणून भाव बदलावा लागतो: शब्दावरचा भार हलवून, कुठे थोडं थांबून, कुठे आवाज खाली आणून. आठ-दहा वर्षांच्या पोरी हे कुणी न सांगता करतात. पुढे रागदारीचं शिक्षण मिळो, माइकपुढे गायची तालीम मिळो, हा धडा आधीच गिरवलेला असतो. अर्थात भुलाबाई हजारो पोरी गातात आणि वैशाली माडे एखादीच होते. मधलं अंतर कष्टाचं आणि रियाझाचं आहे. त्याचं श्रेय मातीला देऊन मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. पण रियाझालाही घडवायला मुळात काहीतरी लागतं, आणि ते या अंगणांत मिळतं.

अकोल्यात आता फ्लॅटच्या पार्किंगमध्येही भुलाबाई बसते. कुठे कुठे गाणी मोबाइलवर लावतात आणि पोरी नुसत्या टिपऱ्या वाजवतात. यंदा तो मोबाइल बंद ठेवा. घरातल्या आजीला बोलवा, तिच्याकडून दोन गाणी शिकून घ्या आणि पोरींना त्यांच्या स्वतःच्या आवाजात, बेसूर झालं तरी, मोठ्याने गाऊ द्या.