सुरकुतलेले वाटाणे आणि गोड माणसे

एखाद्याला ‘स्वभावाने गोड’ म्हणणे ही आपल्याकडे स्तुती समजली जाते. मुलीला स्थळ पाहताना, भाडेकरू ठेवताना आणि निरोपसमारंभाच्या भाषणात हे विशेषण हमखास वापरतात. कामाबद्दल बोलण्यासारखे काही नसले की स्वभावाबद्दल बोलावे, असा भाषणांचा अलिखित नियमच आहे. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढल्यामुळे हे विशेषण माझ्याही वाट्याला आलेले आहे. मी रागावत नाही. गिऱ्हाइकाने स्लिप चुकीची भरली तर हसतो. बरोबर भरली तर दचकतो, पण रागावत नाही.

अलीकडे मात्र एक शंका मला छळते आहे. मी रागावत नाही हा माझा गुण, की मला रागावताच येत नाही? आणि येतच नसेल, तर त्याचे श्रेय मला का मिळावे? ज्याच्या खात्यात शंभर रुपये आहेत त्याने उधळपट्टी केली नाही म्हणून त्याचा कोणी सत्कार करीत नाही.

एवढा गहन प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसाला पडावा याचे आश्चर्य वाटेल. पण तो मला गीतेत सापडला नाही, की कांटच्या ग्रंथात. तो सापडला कवठे येमाईला, परसातल्या वाटाण्याच्या वाफ्यात.

कवठे येमाई हे शिरूर तालुक्यातले आमचे गाव. पाऊस या भागात बँकेतल्या गिऱ्हाइकासारखा येतो : दारातून रांग बघतो आणि ‘नंतर येतो’ म्हणून निघून जातो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा मी गावी जातो. घरामागे दोन खोल्यांएवढे परडे आहे. त्यावर काकीची सत्ता चालते. काकी म्हणजे माझी थोरली चुलती. तिच्याबद्दल ‘स्वभावाने गोड’ असे आजवर कोणी बोललेले नाही. तिच्या परड्यात मला दोन वाफ्यांपुरते कूळ म्हणून ठेवलेले आहे. एका वाफ्यात मी मटार लावतो, दुसऱ्यात ढोबळी मिरची.

मटार म्हणजेच वाटाणा. हिरवा असतो तोवर मटार, वाळला की वाटाणा. माणसाचेही तसेच असते. नोकरीत असेतो ‘साहेब’, निवृत्त झाला की नुसते ‘अमक्याचे वडील’. असो. मटाराचे बी आणायला गेलात तर दुकानदार तुमच्यापुढे दोन-तीन नावे टाकतो. अर्केल असते, बोनव्हिल असते, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले प्रिया असते. आमच्यासारख्या ठिकाणी, परसापुरता, अर्केल बरा. बुटका असतो, आणि साधारण दोन महिन्यांत शेंगा देतो. बोनव्हिल मूळचा अमेरिकेचा. देतो भरपूर, पण सावकाश. आमच्याकडची थंडी म्हणजे दिवाळीला आलेला आणि संक्रांतीनंतर पिशवी भरायला लागलेला पाहुणा. फुले यायच्या वेळी ऊन तापले की फुले गळतात आणि शेंगा पोकळ राहतात. म्हणून लवकर येणारे वाण घ्यावे आणि ऑक्टोबर सरता सरता पेरावे. पुरंदरकडे पावसाळ्यात मटार पिकवतात, पण तिकडची हवा थंड. त्यांचे पाहून आपण जूनमध्ये पेरणे म्हणजे शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून आपण कर्ज काढण्यासारखे आहे. सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरावे. मुदतठेवी आपण वेगवेगळ्या तारखांना ठेवतो तसे. वेलाला आधार म्हणून तुराट्या रोवाव्यात, म्हणजे शेंगा मातीत लोळत नाहीत.

बियांची एक गंमत आहे. अर्केलचे बी दिसायला अगदी दीनवाणे : सुरकुतलेले, चेपलेले, चार महिने पगार न झालेल्या माणसासारखे. माझ्यादेखत एका गृहस्थांनी ते दुकानदाराला परत दिले आणि ‘चांगले गोल, टपोरे द्या’ म्हणून हट्ट धरला. दुकानदाराने त्यांना उसळीचा वाटाणा दाखवला. गृहस्थ खूश झाले. वस्तुस्थिती अशी की गोल गुळगुळीत वाटाणा पिठूळ असतो आणि सुरकुतलेला गोड असतो.

तो गोड का, हे शोधायला जगाला बराच वेळ लागला. ग्रेगोर मेंडेल नावाच्या साधूने ब्रनोच्या मठाच्या बागेत वाटाणे लावले. आधी त्याने बीवाल्यांकडून चौतीस वाण आणले, दोन वर्षे लावून पाहिले आणि त्यांतले बावीस ठेवले. कर्ज देताना एवढी चौकशी आम्हीही करीत नाही. मग त्याने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचे लग्न लावले. पहिल्या पिढीत सगळे गोल! सुरकुत्या जणू खात्यातून साफ गेल्या. पण त्या गोल वाटाण्यांची पुढची पिढी त्याने काढली तेव्हा ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. गेलेली रक्कम गेलेली नव्हतीच. नुसती दिसत नव्हती. हा हिशेब १८६६ साली छापून आला आणि त्याचे महत्त्व लोकांना पटले १९०० साली. तोवर मेंडेल जाऊन सोळा वर्षे झाली होती. चौतीस वर्षे पडून राहिलेली फाइल कोणाची होती हे वाचून आमच्या हेडक्लार्कांना फार धीर आला.

पण सुरकुती पडते कशामुळे, हे कळायला १९९० साल उजाडले. इंग्लंडात नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेत तो उलगडा झाला. वाटाण्यात साखरेचा स्टार्च बनवण्याच्या कामात एक विकर लागते. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या विकराचा जो नमुना, त्यात एक उपरा तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे ते विकर तयार होत नाही. काम अडते. साखर तशीच राहते, पाणी ओढून घेते, दाणा फुगतो. आणि वाळला की पाणी जाऊन कातडे सुरकुतते. थोडक्यात, मटार गोड लागतो, कारण त्याच्या टेबलावरचे काम पुढे सरकलेले नाही.

हे वाचले आणि माझ्या मनात पहिल्यांदा चर्र झाले.

दुसरा धक्का मिरचीने दिला. ढोबळी, भोपळी किंवा सिमला. नावे तीन, भाजी एक. सिमल्याचा तिच्या जन्माशी संबंध नाही. सगळ्या मिरच्यांचे माहेर अमेरिका खंडात. हिच्यातही निवड करावी लागते. शेडनेटमध्ये बाजारासाठी लावणारे संकरित बियाणे घेतात, ते त्यांना परवडते. परसात मात्र कॅलिफोर्निया वंडर किंवा बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का मोहिनी, अर्का गौरव अशी सरळ वाणे बरी. कारण त्यांचे बी धरता येते. संकरित बियाणे म्हणजे यंदाचे व्याज तुमचे, मुद्दल दुकानदाराचे. रोपे पाच-सहा आठवड्यांची झाली की दीड-दोन फुटांवर लावावीत. ऊन वाढले की वर पांढरे जाळे धरावे, नाहीतर फळाला चटका बसतो. पाने आक्रसायला लागली की चुरडा-मुरडा आला समजावे आणि असले झाड मोह न धरता उपटावे.

तर ही ढोबळी आणि काकीच्या हातावर पाणी आणणारी लवंगी, दोघी बहिणी आहेत, एकाच जातीच्या. फरक इतकाच की ढोबळीत तिखटपणा तयार करणारे एक जनुक मोडलेले असते. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ढोबळी गोड आहे ती काही संयमाने नव्हे. तिला तिखट होताच येत नाही!

आता सांगा, मटारही उणिवेने गोड आणि मिरचीही उणिवेने गोड, तर काउंटरवरचा कारकून कशाने गोड असेल?

एका शाखेतली गोष्ट सांगतो. शाखेचे नाव विचारू नका, बदलीचा प्रश्न आहे. तिथे शेजारशेजारच्या काउंटरवर दोन सहकारी होते, एक गोड आणि एक तिखट. एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला यायच्या. जन्मभर खुरपे धरल्याने बोटांवरच्या रेघा झिजलेल्या, त्यामुळे मशीन अंगठा घेईना. गोड सहकारी म्हणाले, ‘आजी, मशीन आज ऐकत नाहीये हो. उद्या या हं.’ आजी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आल्या. पुन्हा ‘उद्या या हं.’ तिसऱ्या दिवशीही तेच, आणि वर पाण्याचा ग्लास. आजींनी दर वेळी त्यांना आशीर्वाद दिला. चौथ्या दिवशी ते रजेवर होते. तिखट सहकारी खेकसले, ‘आजी, रोज रोज काय येताय? पैसे वर आलेत का एस.टी.ला घालायला?’ आणि उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मशीन अंगठा घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा, कागदावर अंगठा घेऊन पैसे देता येतात. नियमातच आहे. पंधरा मिनिटांत काम झाले. आजी जाताना पुटपुटल्या, ‘काम केलं, पण मानूस कडू हाय.’

गोड सहकाऱ्यांना नियम ठाऊक नव्हता असे नाही. पण केबिनमध्ये जाऊन साहेबांना ‘हे करा’ म्हणायला जो एक कण तिखटपणा लागतो, तो त्यांच्यात तयारच होत नव्हता. आजींना त्यांनी लावल्या त्या वाटाण्याच्या अक्षताच. फक्त वाटाणा सुरकुतलेला, म्हणून गोड लागला.

यावरून कोणी लगेच तिखट व्हायला जाऊ नये. तिखट बोलणारे सगळे आजींची कामे करतात, हा समज ते लोक स्वतःच पसरवतात. बहुतेक जण नुसतेच तिखट असतात. लवंगीलाही तिच्या तिखटपणाचे श्रेय नाही, तिचे जनुक शाबूत आहे इतकेच. मला वाटते, माणसाचा चांगुलपणा त्याच्या चवीत नसून चवीच्या उलट जाण्यात असतो. गोड माणूस चांगला ठरतो तो केबिनचे दार ढकलतो त्या दिवशी. तिखट माणूस, जीभ चावतो त्या दिवशी.

मग गोडपणाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि तीही मला मेंडेलच्याच वहीत सापडली. गोड मिरची जन्माला यायची तर गोडपणा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तिखटपणा कोणा एकाकडून आला तरी पुरतो. काउंटरचा अनुभव याहून वेगळा नाही. भांडायला काचेच्या अलीकडचा किंवा पलीकडचा, एकच माणूस पुरे होतो. व्यवहार गोडीत व्हायचा असेल तर दोन्हीकडून गोडी लागते. वीस वर्षे लोक मला गोड म्हणत आले. त्यातला अर्धा वाटा काचेपलीकडच्यांचा होता, हे मला आता कळते. हातात टोकन घेऊन तासभर उभे राहूनही जे चिडले नाहीत, त्यांच्या नावावर ती रक्कम जमा करायला हवी.

शिवाय गोडी आपोआप टिकत नाही. ढोबळीच्या फुलावर मधमाशी लवंगीचा पराग आणून टाकते. मधमाशीला केवायसी नाही. यंदाचे फळ गोडच लागते, पण त्यातले बी पुढच्या वर्षी घरादाराच्या डोळ्यांत पाणी आणते. ज्याला बी धरायचे त्याने चांगल्या झाडाच्या चार कळ्यांना उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरले की देठाला दोरा बांधून खूण करावी, आणि ते लालभडक पिकेपर्यंत हात लावू नये. वाटाणा त्या मानाने सोवळा. फूल उमलण्याआधी आतल्या आत लग्न उरकतो. त्याची फक्त शेंग वेलावर वाळू द्यायची. खुळखुळ्यासारखी वाजली की काढायची.

पण कोणती शेंग ठेवायची? इथे सगळी नीती पणाला लागते. सगळ्यांत भरलेली, आठ दाण्यांची, पहिल्या बहरातली शेंग तोंडाला पाणी आणते, आणि बियाण्याला ठेवायची ती नेमकी तीच. काकी असल्या शेंगांना लाल दोरा बांधते. घरातली पोरे, पाहुणे, जावई, कोणाचाही हात त्या दोऱ्याला लागत नाही. एकदा मी म्हटले, ‘काकी, एवढ्या चांगल्या शेंगा वाळवायच्या? उरलेल्यातल्या ठेवू की.’

‘चांगलं खाऊन टाकल्याव पुढल्या साली वाईट पेरायचं का?’ काकी म्हणाली. ‘बँकंत ह्येच शिकिवलं का तुला?’

वाळलेले बी ती राखेत घोळून मडक्यात ठेवते. ते पुढच्या दिवाळीला कोण पेरणार, हे ती विचारत नाही. गावात जो मागेल त्याला मूठभर देते, आणि देताना चार शब्द सुनावते. गोड वाण या परड्यात इतकी वर्षे टिकले आहे ते या तिखट बाईमुळे. वाटाण्याचा गोडपणा ही वाटाण्याची उणीव असेल, पण तो टिकवणे हे माणसाचे कर्तृत्व आहे, एवढ्यापुरती माझी शंका फिटली आहे.

मागच्या शनिवारी मी ढोबळीच्या कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधत होतो. काकी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘मिरचीला पडदा, आन् सुना मोकळ्या! काळ लईच बदल्ला बाबा.’ मग थोडे थांबून तिने पुस्ती जोडली, ‘बरं झालं.’