वानप्रस्थ आणि सहल

गृहस्थाच्या अंगावर सुरकुत्या पडल्या, केंस पांढरे झाले आणि अपत्याचें अपत्य दृष्टीस पडलें, म्हणजे त्यानें अरण्याची वाट धरावी, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीं सांगितलें आहे. पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करावें, किंवा तिला बरोबर घेऊन जावें, असे दोन पर्यायहि तेथेंच दिले आहेत. आज नातवाचें तोंड पाहिलेलीं माणसें अरण्यांत जात नाहींत, सहलीस जातात. कोणी मुलें-नातवंडें घेऊन चिखलदऱ्यास किंवा कोंकणच्या किनाऱ्यास जातो. कोणी, पैसा आणि हौस असल्यास, पत्नीसह गोल्फ खेळावयास दूरदेशीं जातो. या दोहोंपैकीं अधिक योग्य कोणती सहल, आणि मुळांत उतारवयांत स्वतःच्या सुखाकरितां घराबाहेर पडणें हा धर्म कीं चैन, असा प्रश्न आहे. तो वाटतो तितका हलका नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांतील वरवट बकाल हें गांव डोळ्यांपुढें आणावें. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस शेगांव, आणि सभोंवार कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारी काळी जमीन. येथील नोकरदाराच्या निवृत्तीस तारीख असते. शेतकऱ्याच्या निवृत्तीस ती नसते. पाय चालतात तोंवर तो शेतावर जातो, आणि चालेनासे झाले म्हणजे ओसरीवर बसून घर राखतो. अशा घरांतील वृद्धांची सहल म्हणजे यात्रा: श्रीगजाननमहाराजांनीं १९१० सालीं जेथें समाधि घेतली त्या शेगांवची, किंवा पंढरपूरची. ऑगस्ट २०२२ मध्यें महाराष्ट्र शासनानें ७५ वर्षांवरील वृद्धांस एस. टी. चा प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ मध्यें स्त्रियांस अर्धें भाडें ठरविलें, तेव्हां या यात्रेंतील एक अडचण कमी झाली. दुसरी मात्र राहिली. देवाच्या नांवानें निघालेल्या म्हातारीस कोणी अडवीत नाहीं. परंतु 'मला नुसतें हिंडून यावेंसें वाटतें' असें ती म्हणाली, तर घरचीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. वृद्धांच्या आनंदास पुण्याचा परवाना पाहिजे, असें आमच्या समाजानें जणूं ठरवूनच टाकलें आहे.

नातवंडांबरोबरच्या सहलीस हा परवाना सहज मिळतो, कारण तींत कर्तव्याचा अंश दिसतो. आणि ती सहल खरोखरच मोलाची आहे. पूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत नातवंडें आजोळीं येत. शेत, विहीर, आंब्यांची आढी आणि रात्रीं अंगणांत पसरलेलीं अंथरुणें यांमधून आजीआजोबांची ओळख त्यांना आपोआप होई. आतां मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं, आणि सर्वांची सुटी जुळते ती चार दिवसांची. तेव्हां आजोळच चार दिवस परगांवीं भाड्यानें घ्यावें लागतें. त्यांत हिणविण्यासारखें कांहीं नाहीं. उल्केच्या आघातानें झालेलें लोणारचें विवर पाहून नातू प्रश्नामागून प्रश्न विचारतो, तेव्हां त्याच्याजवळ थांबून उत्तर देण्यास ज्याला सवड आहे असें माणूस बहुधा आजोबाच असतो. बापाजवळ पैसा असेल, शिस्त असेल, वेळ नसतो.

परंतु या सहलीस एक कसोटी लावून पाहावी. तींत विसांवा कोणास मिळतो? दशम्या आणि चटणी पहाटे उठून कोण बांधतें? संध्याकाळीं तरुण मंडळी फिरावयास गेल्यावर तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं कोण बसतें? पुष्कळ घरांत याचें उत्तर एकच येईल. आजीनें स्थळ बदललेलें असतें, काम बदललेलें नसतें. मनूनें दिलेला पहिला पर्याय, म्हणजे पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करणें, आम्ही नकळत अजून पाळीत आहों. आजोबा मित्रांबरोबर चारधाम करून येतात आणि आजी नातवंडें सांभाळते. दोन्ही पर्यायांत तिची इच्छा काय, हें त्या ग्रंथानें विचारलें नाहीं. आम्ही तरी कोठें विचारतों?

म्हणून जोडप्याच्या गोल्फसहलीची थट्टा करण्यापूर्वीं थोडें थांबावें. या खेळावर कर्तव्यच्युतीचा आरोप जुना आहे. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यांत रमूं लागले म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें १४५७ सालीं त्यास बंदी केली होती. पुढें इंग्रजांनीं १८२९ सालीं कलकत्त्यास त्याचा क्लब काढला. तथापि या खेळांतील दोन योजना विचार करण्यासारख्या आहेत. पहिली हँडिकॅपची. कमी कुवतीच्या खेळाडूस ठराविक फटक्यांची सवलत मिळते, आणि त्यामुळें असमान माणसें बरोबरीनें खेळूं शकतात. दुसरी योजना अशी, कीं दोघांच्या जोडीनें एकच चेंडू आळीपाळीनें मारावयाचा. एकाचा फटका चुकून चेंडू गवतांत शिरला, तर दुसऱ्यानें तेथून तो पुढें न्यावयाचा. रागावल्यानें चेंडू जागचा हलत नाहीं. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या जोडप्यास हा नियम नव्यानें शिकावा लागत नाहीं. परंतु संसाराची चिंता बाजूस ठेवून तो एकदां खेळून पाहण्याची संधि त्यांना क्वचितच मिळते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. गोल्फच्या हिरवळीस पाणी फार लागतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील ज्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, तेथील माणसास हा खेळ निर्दोष कसा वाटावा? ज्या सुखाची किंमत दुसरा देतो, त्या सुखाविषयीं संकोच वाटलाच पाहिजे. पण हा दोष गोल्फचा आहे, दोघांनीं मिळून बाहेर पडण्याचा नव्हे. एस. टी. च्या एका बांकावर शेजारीं शेजारीं बसून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाण्यास हिरवळ लागत नाहीं.

दुसरा आक्षेप स्वार्थाचा. परंतु मुलांचें ऋण आईबाप पंचवीस-तीस वर्षें रोज फेडीत आलेले असतात. सहचराचें ऋण मात्र नेहमींच पुढें ढकललें जातें: आधीं शिक्षणें होऊं देत, मग लग्नें, मग घर. शेवटीं सवड मिळते तेव्हां गुडघे साथ देत नाहींत, किंवा दोघांपैकीं एकच उरलेलें असतें. नातवाचेंहि तसेंच आहे. आठ वर्षांचा असतांना जो आजोबांचें बोट धरतो, तो पंधराव्या वर्षीं मित्रांत असणार. दोन्ही सहलींस मुदत आहे, आणि ती आमच्या हातीं नाहीं.

तेव्हां एकीची निवड करून दुसरी टाकावी, असें आम्ही म्हणत नाहीं. वानप्रस्थाचा सारभूत अर्थ माया सोडणें हा नसून सत्ता सोडणें हा आहे, असें आम्हांस वाटतें. ती सत्ता मुलांवरची सोडावी, आणि पत्नीवरचीहि. कोठें जावयाचें हें ठरविण्यापूर्वीं तिला विचारावें, आणि ती 'घरींच राहूं' म्हणाली तर त्या दिवशीं चूल कोण पेटविणार हेंहि ठरवावें. इतकें झालें तर सहल कोठें गेली, याला फारसें महत्त्व उरत नाहीं.