पहाटेची आरती, रात्री नऊ वाजता

शिर्डीच्या समाधी मंदिरात काकड आरती पहाटे सव्वापाचला सुरू होते. २०२२पूर्वी ती साडेचारला होत असे. राहाता, कोपरगाव, संगमनेर, नेवासे या भागांत नेमक्या याच सुमाराला गोठ्यात धारा काढायचे काम चाललेले असते, कारण संकलन केंद्राची वेळ टळली तर दूध परत घरी आणावे लागते. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात घरचा कर्ता माणूस उसाला दारे धरून नुकताच आडवा झालेला असतो. ज्या जिल्ह्यात साईबाबांची समाधी आहे, त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना टीव्हीवरची काकड आरती तिच्या वेळेला बघणे जमत नाही. म्हणून ती रेकॉर्डिंगला लावली जाते आणि रात्री जेवणे उरकल्यावर, नऊच्या सुमाराला बघितली जाते.

तंत्राच्या बाजूने यात नवल काही उरलेले नाही. अमेरिकेत टिव्होसारखी यंत्रे १९९९मध्ये आली. आपल्याकडे टाटा स्कायने २००८मध्ये हार्ड डिस्क असलेला सेट-टॉप बॉक्स आणला, आणि पुढे साध्या बॉक्सलाही मागे पेन ड्राइव्ह लावून कार्यक्रम साठवता येऊ लागला. कायद्याचा प्रश्न त्याही आधी सुटला होता. घरी बसून नंतर बघण्यासाठी कार्यक्रम टिपून ठेवणे ही चोरी नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये सोनी कंपनीच्या खटल्यात दिला. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ३९वे कलमही स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मोकळीक देते.

देवघरातला प्रश्न मात्र न्यायालयात सुटत नाही. काकडा हा देवाला उठवण्याचा विधी आहे. रात्री नऊला तो लावणाऱ्या घरात कोण कोणाला उठवत असते?

शिर्डीत हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अवघड होतो, कारण तिथला नित्यक्रम एका हाडामासाच्या माणसाच्या दिनक्रमातून आला आहे. साईबाबा एक रात्र द्वारकामाईत आणि एक रात्र चावडीत झोपत. १० डिसेंबर १९०९पासून भक्तांनी चावडीत नियमित पूजा सुरू केली, असे साईसच्चरितात नोंदले आहे. बाबा खरोखर झोपलेले असत आणि त्यांना खरोखर उठवले जाई. १५ ऑक्टोबर १९१८ला, विजयादशमीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. १९५४मध्ये बाळाजी तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती समाधीमागे बसवली गेली. तरीही पहाटे उठवणे, मंगल स्नान, मध्यान्ह आरती, तिन्हीसांजेची धूपारती आणि शेवटी शेजारती हा क्रम चालूच राहिला. रात्री मच्छरदाणी लावली जाते, पाण्याचा पेला ठेवला जातो. सगळी सेवा अशी तासांना बांधलेली आहे. पडद्यावर काकडा चालू असताना प्रत्यक्ष शिर्डीत शेजारतीची वेळ होत आलेली असते. इकडे घरात उठवणे, तिकडे मंदिरात निजवणे. भाविक मनाला हे खटकते, आणि ते खटकणे खरे आहे. ‘भाव असला की झाले’ एवढ्यावर ते मिटत नाही.

इतर धर्मांनाही हा प्रश्न पडला आहे. त्यांची उत्तरे बरीच कडक आहेत. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिथे जाणारे कॅथलिक ज्या चर्चला मानतात, त्या चर्चने २५ मार्च २०२०च्या आदेशात म्हटले की, टाळेबंदीच्या पवित्र सप्ताहात घरी बसलेल्या भाविकांना थेट प्रक्षेपणाची मदत होऊ शकते. आणि ते रेकॉर्ड केलेले नसावे, हे तिथे मुद्दाम स्पष्ट केले. याच चर्चने तेराव्या शतकातल्या असिसीच्या संत क्लेअरला टीव्हीची संरक्षक संत मानले आहे. आजारपणामुळे नाताळच्या प्रार्थनेला जाता आले नाही, तेव्हा तिला ती प्रार्थना आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली, अशी कथा आहे. अंतर आड येत नाही, पण वेळ चुकवून चालत नाही, अशी त्या परंपरेची भूमिका दिसते. इस्लामी शास्त्राचे अनेक जाणकारही समोर चालू असलेली अजान आणि तिचे रेकॉर्डिंग यांत भेद करतात. अजानला शब्दांनी प्रतिसाद देण्याची रीत आहे. रेकॉर्डिंगला तो देण्याची गरज नाही, असे त्यांचे मत.

साईभक्तांच्या परंपरेतली या प्रश्नाला सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट मात्र थेट घरातली आहे, जेवणाच्या पंगतीतली. १९१७च्या होळी पौर्णिमेला साईसच्चरिताचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या स्वप्नात पहाटे बाबा आले आणि आज जेवायला येतो म्हणाले. वांद्र्याच्या घरी दुपारी पाने मांडली. एक पान पाहुण्यासाठी मोकळे ठेवले. वाढून झाले, तूप पडले, तरी पाहुणा आला नाही. आता सुरुवात करायची, इतक्यात जिन्यावर पावले वाजली. दोन मुसलमान गृहस्थ दारात उभे होते, आणि त्यांच्या हातात बाबांची तसबीर होती. ती त्या मोकळ्या पानाशी बसवली, नैवेद्य दाखवला आणि सगळे जेवले. चाळिसाव्या अध्यायात हेमाडपंतांनी हे सांगितले आहे.

या कथेत प्रतिमेबद्दल कोणाच्या मनात किंतू नाही. तसबीर आली म्हणजे बाबा आले, हे घराने लगेच मान्य केले. कथेचा सगळा जीव वेळेत आहे. तीच तसबीर दुसऱ्या दिवशी आली असती, तर ती भिंतीवर लागली असती. वाढलेले पान वाट बघत होते आणि ती त्याच घटकेला पोचली, म्हणून त्या घराने तिला पाहुणा मानले. तेव्हा रेकॉर्ड केलेल्या आरतीचा खरा प्रश्न ‘पडद्यावर देव असतो का’ हा नाही. तो तसबिरींनी आणि मूर्तींनी कधीच सोडवला आहे. प्रश्न घटकेचा आहे.

घटका चुकल्यावर काय करायचे, याचा विचार आपल्या परंपरेने बारकाईने केलेला आहे. संध्या वेळेवर झाली नाही, तर नेहमीच्या तीन अर्घ्यांशिवाय प्रायश्चित्ताचे आणखी एक अर्घ्य द्यायचे असते. यातला समंजसपणा मोठा आहे. उशिराची संध्या बाद ठरत नाही, पण ती वेळेवरच झाली असेही धरले जात नाही. उशीर झाला, हे मान्य करून एक ओंजळ पाणी जास्त द्यायचे. दुसरीकडे ज्ञानदेवांचा हरिपाठ नामाला वेळेच्या बंधनातून पूर्ण मोकळे करतो. म्हणजे कर्माला वेळ असते आणि स्मरणाला नसते. आरतीची पंचाईत अशी, की ती दोन्ही आहे. ओवाळणे हे कर्म आहे आणि गाणे हे स्मरण आहे.

त्यातही ‘लाइव्ह’ म्हणजेच वेळेवर, हे समीकरण तपासून बघावे लागते. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाऊन परत यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो, आणि चित्राचे संकोचन-विस्तारण होताना त्यात काही सेकंदांची भर पडते. ते सोडून द्या. न्यू जर्सीतल्या मराठी घराचे काय? शिर्डीत पहाटेचे सव्वापाच वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे पावणेआठ वाजलेले असतात. त्या घराने थेट प्रक्षेपण बघितले, तर काकडा संध्याकाळी होतो. तेच रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी उजाडताना लावले, तर काकडा पहाटेचा होतो. शिर्डीच्या घड्याळाने पहिली वेळ खरी, त्या घरावर उगवणाऱ्या सूर्याच्या हिशेबाने दुसरी. संध्येची वेळ जिथे माणूस उभा आहे तिथल्या सूर्यावरून ठरते, मुंबई-पुण्याच्या पंचांगावरून नव्हे. त्या घरापुरते रेकॉर्डिंगच अधिक शास्त्रशुद्ध म्हणायला हरकत नसावी.

शिर्डीच्याच जिल्ह्यात सातशेहून अधिक वर्षांपूर्वी घडलेली आणखी एक गोष्ट या विचाराला बळ देते. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले. ज्याला टेकून ते बसत, तो पैस खांब प्रवरेच्या काठी आजही जपलेला आहे. समोर गुरू निवृत्तिनाथ आणि संतश्रोते होते, आणि सच्चिदानंदबाबा उतरून घेत होते. ज्ञानेश्वरीतच त्यांच्या लेखनाची नोंद आहे. त्या सभेत बसलेल्यांनी जे ऐकले, ते घडत असताना ऐकले. त्यानंतरच्या प्रत्येकाला जे मिळाले, ते सच्चिदानंदबाबांनी टिपून ठेवलेले. महाराष्ट्राचा एवढा मोठा धर्मग्रंथ असा नंतर आलेल्यांसाठी राखलेला आहे. नंतर आलेले म्हणून कोणी वारकरी स्वतःला उणा समजत नाही.

पण वारकऱ्यांनी पोथी कशी वापरली, तेही बघायला हवे. सप्ताहात पारायणाची वेळ ठरलेली असते, व्यासपीठ चालवणारे असतात, शंभर पोथ्या एका ओवीवर एकदम चालतात. मध्ये एकाला कंटाळा आला म्हणून अध्याय गाळला जात नाही. टिपून ठेवलेल्या शब्दाला गावाने पुन्हा वेळेच्या चौकटीत बसवले, आणि त्या चौकटीत स्वतःही बसले.

इथे सेट-टॉप बॉक्सची गाठ पोथीशी न पडता रिमोटशी पडते. रेकॉर्डच्या बटणाने फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे ढकलण्याच्या बटणाने. आरतीला अर्धा-पाऊण तास लागतो. ठाऊक नसलेली पदे आली, पुजाऱ्यांची तयारी चालू दिसली, की अंगठा आपोआप बटणावर जातो. फोन आला की चित्र थांबते, म्हणजे ओवाळता ओवाळता हात हवेत ठेवून देवासमोर सगळे गोठते. मंदिरात उभ्या माणसाला हे शक्यच नाही. तिथे पाय दुखले तरी आरती तिच्या चालीने चालते, आणि त्याला तिच्या चालीने चालावे लागते. दिवसभर दूध, वीज, बाजारभाव यांच्या तंत्राने धावणाऱ्या माणसाला आरतीत मिळणारी मोठी गोष्ट हीच आहे: थोडा वेळ आपली घाई दुसऱ्याच्या हाती देता येणे. रिमोट ती घाई परत त्याच्याच हातात ठेवतो. म्हणून रात्री नऊला बघितलेली पूर्ण आरती ही पहाटे बघितलेल्या अर्ध्या आरतीपेक्षा आरतीच्या अधिक जवळची आहे.

तरीही एक गोष्ट रेकॉर्डिंगला देता येत नाही, आणि ती टाळेबंदीत स्पष्ट दिसली. १७ मार्च २०२०ला शिर्डीचे मंदिर भाविकांसाठी बंद झाले, ते दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडले. मधले महिने पुजारी रिकाम्या सभामंडपासमोर आरती करत होते. मंडपात कोणी नव्हते, पण मध्यान्ह आरतीला, बारा वाजता, दूरदूरच्या घरांत हजारो माणसे एकाच वेळी उभी राहत होती. समुदाय होता, फक्त तो जागेने न बांधता वेळेने बांधला होता. १९८७च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘रामायणा’ने रविवारी सकाळी साडेनऊला हेच केले होते. अंघोळी करून, टीव्हीला हार घालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह लोक बसत, कारण निसटले तर पुन्हा दिसायचे नाही, हे सगळ्यांना माहीत होते. रात्री नऊला एकट्याने आरती बघणाऱ्याला बाबा भेटतात, असे तो म्हणत असेल तर त्याच्याशी वाद नाही. त्याला बाकीचे भक्त भेटत नाहीत, एवढे मात्र खरे. ती उणीव घरातच भरून काढता येते. गोठ्यातून, शेतातून, शाळेतून आलेले सगळे जमल्यावरच रेकॉर्डिंग लावायचे, उभे राहायचे, निरांजन खरे पेटवायचे आणि टाळ्या खऱ्या वाजवायच्या. अर्घ्यातली ती जादा ओंजळ इथे अशी देता येते.

राहिला प्रश्न पुसण्याचा. डिस्क भरली की जुने काढावे लागते, आणि काही घरांत आरती डिलीट करायला हात धजत नाही. बॉक्समधले रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सला कुलूपबंद असते; बॉक्स बदलला की ते दुसरीकडे उघडत नाही. तेव्हा कधीतरी ते जाणारच असते. ज्या परंपरेत कालची फुले आज निर्माल्य म्हणून उतरवतात आणि प्राणप्रतिष्ठा केलेल्या पार्थिव गणपतीचेही विसर्जन करतात, तिथे बघून झालेली आरती पुसण्यात पाप कसे असेल? निर्माल्य उतरवले नाही, तर दुसऱ्या दिवशीची पूजा मांडायला जागा उरत नाही. डिस्कचेही तसेच आहे, उद्या सव्वापाचला ती मोकळी लागते.