लांबीखालचं छिद्र

आयटीआयमध्ये ट्रेड फिटरचा असो की टर्नरचा, ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ नावाचा विषय सोबत असतोच. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसं बसावं, चारचौघांत कसं बोलावं, वेळ कशी पाळावी, हे त्यात शिकवतात. शिकवायलाच हवं. पण हे शिकलेला मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपच्या दारात पहिल्या दिवशी उभा राहतो, तेव्हा मिस्त्री त्याचा अर्ज वाचत बसत नाही. हातात व्हर्नियर देतो, माप घ्यायला लावतो आणि जाता जाता बजावतो, “जॉब बिघडला तर आधी मला सांगायचं. झाकून ठिवायचं न्हाई.”

या एका वाक्यात काय दडलंय ते कळायला फाउंड्रीत जावं लागतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने दाटीनं उभे आहेत. वाळू, बेंटोनाइट आणि पाणी यांच्या मिश्रणातून साचा घडतो आणि त्यात १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस ओततात. वाळूत ओल जास्त राहिली, किंवा साच्यातली हवा बाहेर पडायला वाट उरली नाही, की वायू रसात अडकतो आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. तिला म्हणायचं ब्लो होल. बाहेरून कास्टिंग सुरेख दिसतं. पोटातलं भोक उघडं पडतं ते पुढे मशीन शॉपमध्ये, टूल दोन-चार मिलिमीटर आत गेल्यावर.

आता हिशेब बघा. दोष फाउंड्रीतच कळला तर कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं. वीज आणि मजुरी गेली, लोखंड शाबूत. मशीन शॉपमध्ये कळला तर टर्निंग, ड्रिलिंगचे तासही पाण्यात. गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर कळला तर अख्खा लॉट परत. आणि तिथंही कळला नाही तर? तो तुकडा एखाद्या ट्रकच्या ब्रेक ड्रमचा असेल, आणि ट्रक घाट उतरत असेल.

वर दिसणारं बारीक छिद्र बुजवायला बाजारात साधन स्वस्त मिळतं. छिद्रात लांबी भरायची, वरून पॉलिश पेपर मारायचा, रंगाचा हात फिरवायचा. पाच मिनिटांत जॉब ‘ओके’. ज्याच्या हाताला एवढी सफाई आहे, त्याला अकुशल कोण म्हणेल? कौशल्य तर त्याच्याकडे आहेच. प्रश्न आहे तो हात लांबीकडे का गेला, हा.

कामगार अप्रामाणिक निघाला, असं म्हणून मोकळं होता येतं. मालक मंडळी बहुधा तसंच म्हणतात. पण ज्या शेडमध्ये रिजेक्शनचे पैसे हजेरीतून कापतात, नगावर मजुरी मिळते, कंत्राटी पोराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढ्या तीन शब्दांत घरी धाडता येतं, तिथं खरं बोलणं ही चैन ठरते. अशा ठिकाणी जॉब बिघडला की पहिला प्रश्न येतो, “कुणी केलं?” हा प्रश्न दोनदा कानावर पडला, की तिसऱ्या वेळी पोरगं लांबीचा डबा कुठं असतो ते शोधून ठेवतं. लपवणं हेही शिकवलेलं कौशल्यच आहे; फक्त त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

याच जिल्ह्यात इचलकरंजी आहे. तिथल्या साध्या मागावर धागा तुटला की विणकराच्या नजरेनंच तो पकडावा लागतो. नजर चुकली की कापडात दोष विणला जातो. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा माग तयार केला, की धागा तुटताच तो आपणहून थांबे. पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटार कारखान्यात हीच कल्पना माणसांपर्यंत आली. चूक दिसली की साध्या कामगारानंही दोरी ओढावी आणि गरज पडली तर सगळी लाइन थांबवावी. दोरी टांगणं सोपं होतं. ती ओढणाऱ्यावर न चिडणं अवघड.

हे काही जपानचंच शहाणपण नव्हे. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो सिनेमाकार बाबूराव पेंटर यांच्या आठवणीसाठी. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणला, यंत्राची रचना समजून घेतली आणि स्वतःच कॅमेरा घडवायला बसले. कॅमेरा पुरा होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. हाताशी शिष्य दामले होते. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आला. बाबूरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकलेले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर १९२९ मध्ये बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी ‘प्रभात’ ही फिल्म कंपनी काढली. यातल्या कुणाकडे सिनेमाची पदवी नव्हती, कारण ती देणारं कुणी नव्हतं. बिघडवायला मोकळीक देणारा एक कारखाना मात्र होता.

खालच्यानं सांगितलेलं ऐकून घेणारं वर कुणी असलं की काय होतं, याचा कोल्हापूरचा आणखी एक दाखला आहे आणि तो जास्त कडवट आहे. दरबारच्या पागेत चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. त्यांनी ते थेट शाहू महाराजांना सांगितलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. गंगाराम तेच होते, त्यांचा चहाही तोच होता. नोकरीला माणूस लायक कसा होतो याची चर्चा करताना ही दुसरी बाजू सहसा कुणी मांडत नाही. सगळी तयारी उमेदवारानंच करायची असते.

उद्यमनगरातला तो पोरगा आठवड्याभरात पहिला जॉब घालवतोच. बोअर दोन दशांश मोठा होतो. लेथ बंद करून तो जॉब हातात घेतो, इकडे-तिकडे बघतो आणि मिस्त्रीपुढे नेऊन ठेवतो. मिस्त्री चष्मा कपाळावर सरकवतो, माप घेतो, खडूनं जॉबवर फुली मारतो.

“टूलला धार कवा लावलीतीस?” एवढंच विचारतो.