सत्य सांगावे, सोबतही करावी



शंभरातले एक मेंढरू हरवले तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात निघतो, हा प्रभू येशूचा दाखला आपण लूकच्या शुभवर्तमानात ऐकतो. वैद्यकशास्त्रही आज असाच एक शोध घेत आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे पाचशे कोटी तांबड्या पेशी असतात. कॅन्सरच्या गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशी मात्र तेवढ्या रक्तात मोजक्याच असतात, कधी एकही सापडत नाही. अशा पेशी १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ या वैद्याने प्रथम पाहिल्या. त्या वेचून मोजणारी चाचणी अमेरिकेत मान्य झाली ती २००४ साली.

आपल्या शेजारच्या पुण्यातही ॲक्टोरियस या कंपनीने ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही अशी चाचणी विकसित केली. तिच्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण वापरतात. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण त्या मापाने मोजावे लागतात. त्यांच्यावर बसवलेली प्रतिपिंडे कॅन्सरच्या अनेक पेशींवर असणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतात. रक्ताच्या पेशींवर ते प्रथिन सहसा नसते. मग लोहचुंबकाने त्या पेशी बाजूला ओढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. रोग पसरतो आहे का, उपचार लागू पडतो आहे का, याचा सुगावा त्यातून लागू शकतो. पेशी सापडली नाही म्हणजे रोग नाहीच, असे मात्र नव्हे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जे अंगाला अजून जाणवतही नाही, ते माणसाला सांगावे का? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तंबाखू-मिसरी घराघरांत आहे. तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला की मुले डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात : “आईला सांगू नका, ती हाय खाईल.” ही माया आहे, हे आम्ही जाणतो. पण मग आईला “साधे तोंड आले आहे” असे सांगितले जाते. दुरावलेल्या भावाशी समेट, शेताची वाटणी, पापनिवेदन, सारे राहून जाते. तिच्या आयुष्याचे निर्णय तिच्या नकळत इतर घेतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी येथे एक बारीक भेद केला आहे. कोणाला संकटातून सोडवण्यासाठीही खोटे बोलू नये. परंतु सत्य विवेकाने राखून ठेवणे वेगळे. म्हणून सर्व काही एकाच दिवशी सांगायला हवे असे नाही. आईलाच विचारावे, तिला किती ऐकायचे आहे. ती विचारील तेवढे खरे सांगावे. “मला नको, मुलाला सांगा,” असे ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय.

दाखल्यातला मेंढपाळ मेंढरू सापडल्यावर त्याला खांद्यावर घेतो. चाचणी पेशी शोधील. माणसाला खांद्यावर घेणे आपले काम आहे. तोंडातील जखम भरत नसेल तर हरेगावच्या मतमाउलीला नवस जरूर करावा, पण डॉक्टरांनाही वेळीच दाखवावे. आजाऱ्यासोबत दवाखान्यात जावे. आणि रुग्णांच्या अभ्यंगासाठी धर्मगुरूंना शेवटच्या घटकेला नव्हे, आजारी माणूस शुद्धीवर असताना, त्याच्या संमतीने बोलवावे.