अनवधानाचे ऋण

मनुष्य जे जाणूनबुजून करतो त्याचा जाब त्याने दिला पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत नसते. परंतु जे हातून नकळत घडते, ज्यामागे दुष्ट हेतू तर नसतोच, उलट दुसऱ्याचे काम करून देण्याची तयारी असते, त्यातून नुकसान झाले तर ते कोणी सोसावे? प्रश्न जुना आहे आणि घरोघरी तो निरनिराळ्या रूपांनी उभा राहतो. शिंप्याकडे दिलेल्या लग्नाच्या रेशमावर कात्री वाकडी चालते, रंगाऱ्याच्या शिडीने खिडकीची काच फुटते, दुरुस्तीला दिलेली साखळी सोनाराच्या हातून तुटून परत येते. आपण थोडी कुरकुर करतो, थोडी घासाघीस करतो आणि विसरून जातो. वस्तू मौल्यवान असली की मात्र विसरणे जमत नाही.

अलीकडे असाच एक प्रश्न एका कुटुंबाने माझ्याकडे आणला. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील मी थोडे बदलले आहेत. तीस वर्षे जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मुंबईतील एका दुकानातून साडेतीन लाख रुपयांचे स्विस घड्याळ घेतले. त्याचा पोलादी पट्टा मनगटावर सैल पडत होता, म्हणून त्यातील दोन कड्या काढण्यासाठी दुकानातील एका तरुण नोकराने ते आतल्या टेबलावर नेले. दहा मिनिटांनी घड्याळ गृहस्थांच्या हातात बसले, नोकर हसला, गृहस्थ आनंदाने घरी आले. रात्री दिव्याखाली पाहतात तो कडीच्या एका स्क्रूचे डोके पार खरवडलेले, आणि पट्टा जेथे घड्याळाच्या कवचाला जोडला जातो त्या चकचकीत टोकावर एक लांब चरा! दुसऱ्या दिवशी दुकानदाराने प्रथम सांगितले की चरा दुकानातला नव्हेच. मग म्हणाला, फुकट पॉलिश करून देतो. अखेर गृहस्थांनी आवाज चढवला तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे, पोराच्या पगारातून कापतो."

या शेवटच्या वाक्याने गृहस्थांची झोप उडाली. घरात तीन मते झाली. पत्नीचे म्हणणे, वस्तूच ती, सोडून द्या. मुलाचे म्हणणे, ग्राहक आयोगात जाऊ आणि नवे घड्याळ घेऊ. गृहस्थांना दोन्ही पटत होते आणि दोन्ही पटत नव्हते.

साडेतीन लाखांचे घड्याळ म्हटल्याबरोबर काही वाचकांची सहानुभूती आटली असेल, हे मी जाणतो. आमच्या लहानपणी एचएमटीच्या घड्याळाचा चामडी पट्टा सैल झाला तर कोपऱ्यावरचा मोची एक भोक पाडून देई, आणि तेथे नीतिशास्त्राचा संबंध येत नसे. जिनिव्हा शहरात सोळाव्या शतकात कॅल्विनच्या प्रभावाखाली दागदागिन्यांवर निर्बंध आले आणि तेथील सोनार-जवाहिरे घड्याळांच्या धंद्याकडे वळले, असे सांगतात; डामडौलाविरुद्धच्या कडकपणातून डामडौलाचीच एक वस्तू पुढे यावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. इतके महाग घड्याळ घ्यावे काय, हा प्रश्न खरा आहे. पण तो वेगळा आहे आणि तो त्या गृहस्थांनी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावयाचा आहे. लेवीय ग्रंथाने न्यायाधीशाला बजावले आहे की गरीब म्हणून कोणाला झुकते माप देऊ नये आणि बडा म्हणून कोणाची भीड धरू नये. त्यातला पहिला अर्धा भाग आपण फारसा उच्चारीत नाही. मातीचे मडके फुटलेल्या बाईला जो न्याय मिळाला पाहिजे, तोच पोलादाला चरा पडलेल्या माणसाला मिळाला पाहिजे. माझ्याकडे आलेल्या माणसाला "तुम्हाला हवे कशाला असले घड्याळ?" असे म्हणून मी वाटेला लावले असते, तर ते वैराग्य ठरले नसते, ती केवळ टाळाटाळ ठरली असती.

आता दोषाकडे वळू. रोमन कायदेपंडितांनी अशा प्रसंगाचा विचार फार बारकाईने केला होता. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डायजेस्ट' या संग्रहात उल्पियन नावाच्या पंडिताचे मत नोंदलेले आहे. एखादे रत्न कोंदणात बसविण्यासाठी किंवा कोरण्यासाठी कारागिराला दिले आणि ते भंगले, तर काय करावे? रत्नातच मुळात दोष असेल तर कारागीर जबाबदार नाही. त्याच्या अकुशलतेमुळे भंगले असेल तर तो जबाबदार आहे. आणि धोका आपल्या शिरावर घेतो असे त्याने आधीच कबूल केले असेल, तर रत्नात दोष असला तरी तोच जबाबदार. जाळीदार नक्षी कोरण्यासाठी दिलेल्या काचेच्या पेल्याविषयीही तेथे असाच विचार आहे. याच्या मुळाशी एक महत्त्वाचे तत्त्व आहे: अकुशलता हाही दोषच होय. "मला नीट येत नव्हते" ही सबब नव्हे, कारण जे नीट येत नाही ते करावयास घेणे हीच चूक.

हे तत्त्व आपल्या चऱ्याला लावून पाहू. चांगल्या पोलादी पट्ट्याच्या कड्या काही घड्याळांत पिनांनी तर काहींत बारीक स्क्रूंनी जोडलेल्या असतात. स्क्रू आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून पुष्कळदा कारखान्यातच त्यांना गोंदासारखे द्रव्य लावलेले असते. जाणता कारागीर ती कडी आधी थोडी गरम करतो, खाचेत नेमका बसेल असा स्क्रू ड्रायव्हर घेतो, कवचाची टोके चिकटपट्टीने झाकतो आणि मगच जोर लावतो. यातले काही न करता जोर लावला की हत्यार खाचेतून निसटते आणि जवळच्या चकचकीत भागावर धावते. म्हणजे येथे रत्नात दोष नव्हता. दोष हाताचा होता, आणि त्याहूनही अधिक त्या हाताला न शिकविता टेबलावर बसविणाऱ्याचा होता. साडेतीन लाखांची वस्तू विकताना काचेच्या कपाटावर खर्च करावयाचा आणि माणसाच्या शिक्षणावर करावयाचा नाही, हा हिशेब त्या नोकराने मांडलेला नव्हता. आपला भारतीय करार कायदा १८७२ सालचा. दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ज्याच्या ताब्यात येते त्याने, सामान्य समंजस माणूस तशाच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे, असे तो सांगतो. दुकानदाराने स्वतःचे घड्याळ त्या पोराच्या हाती दिले असते काय? मला वाटते, उत्तर त्याला ठाऊक आहे.

सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत दोषाचे दोन प्रकार सांगितलेले असत: देवापुढील दोष आणि केवळ कायद्यापुढील दोष. हात निसटला, लक्ष क्षणभर उडाले, यात पाप नसेल तर देवापुढे दोष नाही. आणि न्यायाधीशाने निवाडा देईपर्यंत अशा माणसावर भरपाईचे नैतिक बंधन येत नाही, असे ते लेखक म्हणत. मात्र ते लगेच एक अपवाद जोडीत. ज्याने करारानेच काम अंगावर घेतले, त्याच्यावर त्या करारातून येणारी जबाबदारी आधीपासूनच असते. पहिल्या वाचनाला हा विद्वानांचा कीस वाटतो. पण येथे दुकानदार व नोकर यांची जबाबदारी वेगळी करावयाची असेल, तर तो फार उपयोगी पडतो. पट्टा मनगटाला बेताचा करून देणे हा विक्रीचाच भाग होता. ते काम दुकानाने अंगावर घेतले होते. म्हणून दुकानदार बांधलेला आहे, त्याने स्वतः स्क्रूला हात लावलेला नसला तरीही. नोकराचे तसे नाही. हात निसटला त्या क्षणी त्याने पाप केले, असे मी म्हणणार नाही.

त्याने पाप केले ते पुढच्या मिनिटात. चरा त्याने पाहिला होता. स्क्रूचे डोके खरवडले गेले ते न कळणे शक्य नाही. तरी त्याने घड्याळ वळवून, चांगली बाजू वर करून, गृहस्थांच्या मनगटावर बसविले आणि तो हसला. विकावयाच्या वस्तूतील लपलेला दोष ठाऊक असून न सांगणारा विक्रेता अन्याय करतो आणि नुकसान भरून देण्यास बांधील राहतो, असे संत थॉमस अक्विनास यांचे प्रतिपादन आहे. पैसे आधी दिले गेले होते म्हणून हा नियम येथे लागू नाही, असा वाद कोणी घालू शकेल. पण वस्तू अजून ग्राहकाच्या हाती सोपविलेली नव्हती, आणि गप्प राहून सोपविणे म्हणजे दोषासकट खपविणेच. चरा हा अपघात होता. हसणे हा अपघात नव्हता.

परंतु तो का गप्प राहिला, हे विचारल्याखेरीज त्याला दोषी धरणे मला अपुरे वाटते. दुकानदाराच्या शेवटच्या वाक्यात त्याचे उत्तर आहे. जेथे हातून झालेली चूक सांगितली की पगार कापला जातो, तेथे मालक चूक लपविण्यास बक्षीस देत असतो. आपल्या कायद्यालाही हा धोका दिसला होता. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नुकसानीपोटी पगार कापण्याची परवानगी दिली, पण ती बिनशर्त नव्हती: नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीहून अधिक असता कामा नये, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व राखले आहे. ग्राहकासमोर, त्याचा राग शांत करण्यासाठी, एका वाक्यात केलेली कपात यांपैकी कशातही बसत नाही.

तर मग देणे किती? थॉमस अक्विनास यांच्या मते भरपाईचे काम बिघडलेली समता परत आणणे एवढेच आहे. गेले तेवढे परत द्यावयाचे. त्याहून अधिक ते शिक्षेच्या सदरात जाते, आणि शिक्षा देणे न्यायाधीशाचे काम, नुकसान झालेल्याचे नव्हे. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले ते त्याच्या मनाच्या उदारतेने. समोरच्याने ते हक्काने मागावे असे नाही. "फुकट पॉलिश" ही समता नव्हे, कारण पॉलिश म्हणजे चऱ्याच्या खोलीपर्यंत भोवतालचा धातू घासून काढणे. चरा नाहीसा होतो, पण कडाही बोथट होते, आणि पुन्हा कधी पॉलिश करावे लागले तर त्यासाठी धातू कमी उरतो. स्क्रू बदलता येतो, कडी बदलता येते. कवचाचे टोक मात्र कवचाचाच भाग असते. घड्याळ एक रात्रही नीट वापरलेले नव्हते, म्हणून तशाच जातीचे न चरलेले घड्याळ द्यावे. ते मिळत नसेल तर मूळ कारखान्याच्या सेवाकेंद्रात दुरुस्ती करून उरलेला मोलातील फरक रोख द्यावा, असे माझे मत पडले. सहा महिने मिरवून मग तक्रार घेऊन आले असते, तर नवे मागण्याचा हक्क मी मानला नसता.

हे ऐकल्यावर गृहस्थ थोडे घुटमळले आणि म्हणाले, "फादर, बक्कलाजवळ आणखी एक बारीक रेघ आहे. ती माझ्याच हातून जेवणाच्या टेबलाच्या कडेला लागून पडली असावी. तीही दाखवू की नको?" मुलगा म्हणाला, "पप्पा, त्यांनी तरी कुठे खरे सांगितले?" मी एवढेच म्हटले की दुसऱ्याने खोटे वजन वापरले म्हणून आपले वजन खोटे करण्याची मुभा मिळत नाही. ती रेघ तक्रारीच्या पत्रात गेली.

राहिला पत्नीचा सल्ला, सोडून देण्याचा. तो सर्वांत ख्रिस्ती वाटतो, म्हणून त्याचाच विचार अधिक सावधपणे केला पाहिजे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांची एक छोटी कथा आहे. यार्देनकाठी लाकडे तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडते आणि तो कळवळून ओरडतो, कारण कुऱ्हाड मागून आणलेली असते. अलीशा त्याला असे सांगत नाही की लोखंडच ते, जाऊ दे. तो पाते कोठे पडले ते विचारतो आणि वर काढून देतो. गरीब शिष्याच्या मनातील ऋणाची जाणीव तो थट्टेवारी नेत नाही. ती खरी मानतो. क्षमा ही देणे नाकारणाऱ्याला दिलेली पळवाट नसते. आधी देणे आहे हे मान्य व्हावे लागते, मग ते माफ करता येते. दुकानदार "चरा आमचा नव्हेच" म्हणत असताना "जाऊ द्या" म्हणणे म्हणजे त्याच्या असत्यावर शिक्कामोर्तब करणे. नोकराची गोष्ट निराळी. त्याच्याकडून पैसे घेण्याचा हक्क गृहस्थांना नव्हताच, म्हणून तेथे माफ करावयाचे होते ते केवळ त्याचे गप्प राहणे. आणि ते माफ करणे त्यांच्या हातात होते.

ग्राहक आयोगाकडे जाणे अख्रिस्ती आहे काय, असेही मुलाने विचारले. मुळीच नाही. १९८६ चा आणि त्यानंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दुबळ्या बाजूला बळ देण्यासाठीच झाला आहे, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे आधी शांतपणे पत्र लिहून पाहण्यास भरपूर वेळ आहे. मी पत्र लिहिण्याचा सल्ला दिला. मागणी दुकानाकडे करावी, नोकराचे नाव घालू नये, आणि त्याच्या पगाराला हात लावू नये असे स्पष्ट लिहावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगितले. दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झालेल्या दासाने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला, त्या दाखल्यात सगळा जोर आपण त्या दासावर देतो. आपले देणे आपल्यापेक्षा दुबळ्यावर ढकलण्याची ओढ मात्र मालकालाही सुटत नाही आणि ग्राहकालाही.

महिन्याभरात त्यांना दुसरे घड्याळ मिळाले. बक्कलाजवळच्या रेघेबद्दल दुकानदाराने काही कापून घेतले नाही. परंतु पुढे गृहस्थ कड्या बसवून घेण्यासाठी दुकानात गेले, तेव्हा त्या तरुणाकडून कळले की त्याच्या पगारातून तीन महिने रक्कम वळती होणार आहे. घरी येऊन ते म्हणाले, आपणच ती रक्कम त्याला गुपचूप देऊन टाकू; आपल्याला ती जड नाही. पत्नी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "अहो, मग नुकसान कोणी भरले? दुकानदाराने काय दिले?" दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले. या खेपेस घड्याळाचा विषय त्यांनी काढला नाही. पहिल्या पत्राची प्रत त्यांनी दुकानदारासमोर ठेवली आणि पगाराविषयीचे वाक्य त्याला वाचून दाखविले.