विसरलेल्यांची जागा
पालघर जिल्ह्यातल्या शिरगाव-सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची रीत ठरलेली आहे: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची. जन्मभर हे काम केलेल्या बाईला डिमेन्शिया झाला तर लेकीचं नावही तिला आठवेनासं होतं. हात मात्र पुष्कळदा ते जबडे अचूक अडकवतात. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी पोखरला जातो. हातात मुरलेलं काम, लहानपणापासूनची गाणी बरीच उशिरापर्यंत टिकतात.

मग ती बाई तीच राहिली की नाही?

सतराव्या शतकातल्या जॉन लॉकने माणसाची ओळख स्मृतीशी बांधली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश अशी उतरंड येते. पण ती सुरू होते विषयांच्या ध्यासातून आणि क्रोधातून. आजारी म्हातारीला तो निवाडा लावणं हा अन्यायच. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये मांडलं, की माणूसपण भोवतालच्यांच्या वागण्यातून मिळतं आणि त्यांच्याच वागण्याने हिरावलं जातं. वारीत माणसं एकमेकांच्या पाया पडतात, ती समोरच्यात विठ्ठल पाहून. त्याला स्मरणशक्तीची अट नसते.

व्यवहारात मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवला जातो. कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणतं, आणि घरचे लाजेपोटी आजीला लग्नाकार्याला न्यायचं थांबवतात. २०२४ च्या जागतिक अल्झायमर अहवालाच्या पाहणीत ८० टक्के लोकांनी डिमेन्शिया हा म्हातारपणाचाच भाग मानला. २०१९ मध्ये असं मानणारे ६६ टक्के होते. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे.

याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्याजवळ राजोडीला 'स्नेहांजली' हे निवासी केंद्र अशा वृद्धांना सांभाळतं. पण बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो, आणि तो भार लेकीसुनांवर पडतो.

म्हणून गावाने हात द्यायला हवा. गणपतीच्या आरतीत आजोबांच्या हाती टाळ द्यावेत, ताल चुकला तर चुकू द्यावा. वाट चुकलेल्या आजीला कुठल्या घरी पोचवायचं, हे नाक्यावरच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्याला माहीत असावं. महिला मंडळातली एखादी जण दुपारी येऊन बसली, तर सुनेला बाजाराला किंवा स्वतःसाठी दवाखान्यात जाता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही. आजाराचं नाव उघडपणे घेतलं, की शेजाऱ्यांनाही काय करायचं ते कळतं.